मोरीत घासलेलं कार्ड

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे

लख्खमावशीच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि तिचे सगळे दात तयार होते.

कोडं वगैरे काही नाही यात. वरची-खालची अख्खी कवळी दातवाल्या डॉक्टरांच्या कपाटात, पाण्याच्या पेल्यात, कुणाकडे तरी बघून हसत पडली होती. माप मावशीचं, हिरड्या मावशीच्या, मधे फक्त सरकार होतं. सरकारनं म्हाताऱ्या माणसांसाठी कार्ड काढलं होतं. आधी हातात नोटा मिळायच्या. आता पैसे कार्डाच्या पोटात भरून यायचे आणि दात, चष्मा, कानातलं यंत्र नि औषधं एवढ्यासाठीच बाहेर पडायचे. तेही ठरलेल्या दुकानांत. तेही वर्ष संपायच्या आत. वर्ष संपलं की पोटातले पैसे आल्या वाटेनं परत.

मावशीचं वर्ष या महिन्याच्या अखेरीला संपत होतं.

कार्ड मिळाले नसेल तर एक दाबा

मिळालं नव्हतं. वर्षाचा बराचसा भाग ते मिळालं नव्हतं. डॉक्टर भला माणूस. ‘येईल हो कार्ड, मी माप तर घेऊन ठेवतो’ म्हणाला, आणि कवळी करून बसला.

लख्खमावशी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका मोठ्या इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये, मागच्या बाजूला, तिनं जन्मभर भांडी घासली. माणूस आत झोपू शकेल एवढाली पातेली. प्रत्येक पातेलं घासून झालं की ते उजेडाकडे धरायचं आणि म्हणायचं, ‘लख्ख!’ ते म्हटल्याशिवाय दुसऱ्या पातेल्याला हात लागत नसे. पुढच्या बाजूला, जिथे लोक बसून खातात आणि पैसे देतात, तिथे ती कधी फिरकली नाही. तिथून येणारं फक्त उष्टं तिच्या ओळखीचं.

तर दात गेले. एकेक करत, न सांगता गेले. मऊ खाऊन दिवस काढता येतात, त्याचं तिला एवढं दुःख नव्हतं. दुःख हसण्याचं होतं. तोंड उघडलं की आपण बोळक्यासारख्या दिसतो, असं तिच्या मनानं घेतलं, आणि वर्षभर ती तळहाताआड हसत होती. ते हसू की ठसका की रडू, बाहेरून काही कळत नसे.

आणि घरात हसवणारं माणूस रोजचं. थोरली जाऊ. दोघींचे नवरे गेल्यापासून दोघी दोन खोल्यांत एकत्र राहत होत्या. एक चूल, एक मोरी, एक रेडिओ. जाऊबाई थिएटरच्या खिडकीत तिकिटं विकत असत, त्यामुळे जीभ अशी की रांगेतला माणूस तिकीट विसरून ऐकत उभा राहावा. त्यांची कवळी नोटांच्या काळातली, कधीच येऊन बसलेली. तेव्हापासून त्या कशालाही दात काढत. दूध उतू गेलं, दात. दिवे गेले, दात. समोरच्या घरी माणूस गेला तेव्हा मावशीनं त्यांना कोपरानं ढोसलं, तरी खालची रांग दिसलीच.

“चांगली वस्तू आहे, वापरावी माणसानं,” जाऊबाई म्हणायच्या, आणि भाजलेले दाणे तोंडात टाकून मावशीच्या कानाशी कुडुम कुडुम चावायच्या.

कार्ड मिळाले असेल तर दोन दाबा

कार्डाच्या कचेरीत काच होती आणि काचेला भोक होतं, पण ते इतक्या खाली की बोलायचं तर ओणवं व्हावं लागे आणि ऐकायचं तर कान लावावा लागे. दोन्ही एकदम जमत नसे. पलीकडची कार्डवाली बाई मान वर न करता बोलत होती, आणि तिच्या डोक्यावरचा पंखा तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होता.

“हे घ्या कार्ड. अजून झोपलेलं आहे.”

“झोपलंय?”

“पहिल्यांदा घासल्याशिवाय चालू होत नाही. नीट घासायचं. दबकत घासलं तर घेत नाही.”

“कशानं घासू?”

पंख्यानं ‘नं’ उडवला आणि ‘ला’ पोचवला.

“कशाला म्हणजे? चालू व्हायला! मागे काळा पट्टा आहे ना, ती बाजू घासायची. पुढचे!”

मावशी खुशीत घरी आली. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारनं तिला येत असलेलं काम सांगितलं होतं.

मोरीत बसून तिनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. पुढून बरं होतं. मागे मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळाकुट्ट पट्टा. करपलेला. असले डाग तिनं हजारो पाहिले होते. दुधाचा, भाताचा, कुणाच्या तरी हलगर्जीपणाचा. कार्डं करताना कुणीतरी आचेवर विसरलं असणार.

“काय गं करतेस?” जाऊबाई दारातून.

“कार्ड घासतेय. झोपलंय ते.”

“मग आधी हाक मारून बघायची.”

“चेष्टा नको. कचेरीतल्या बाईनं सांगितलंय, नीट घासा म्हणून.”

“मग सरकारच का घासून देत नाही?”

“सरकारला जमतं होय असलं काम!”

पहिला हात सोड्याचा. पट्टा थोडा फिकट झाला, पण हटेना. मग मावशीनं बाह्या सारल्या, ठेवणीतली बारीक वाळू काढली, तारेची घासणी घेतली आणि दुसरा हात दिला. दबकत नाही. पट्टा गेला. मग उलटी बाजूही हातासरशी. एकच बाजू घासून सोडणं तिला माहीतच नव्हतं. उठावाचे आकडे गेले, नाव गेलं, सरकारचं फूल गेलं. कार्ड धुऊन तिनं उजेडाकडे धरलं.

“लख्ख!”

“अगं, तुझं नाव होतं ना त्याच्यावर?”

“वरवरचं होतं,” मावशी म्हणाली.

कार्ड चालत नसेल तर तीन दाबा

डॉक्टरांनी आधी कवळी बसवून दाखवली. मापाला. मावशीनं तोंड मिटलं. गाल जागेवर आले. तिनं समोरच्या आरशात पाहिलं, तर आरशातून एक बाई बघत होती, जिला ती बऱ्याच दिवसांत भेटली नव्हती. मावशीनं तिला थोडं हसून दाखवलं. हात न लावता. त्या बाईनंही दाखवलं.

“बसली की हो झकास,” डॉक्टर म्हणाले. “द्या कार्ड.”

यंत्र म्हणालं,

चिं.

डॉक्टरांनी कार्ड बाहीला पुसून पुन्हा सरकवलं.

चिं.

मग त्यांनी ते चष्म्याजवळ धरलं. एका बाजूनं पांढरं. दुसऱ्या बाजूनं पांढरं.

“मावशी, हे काय आहे?”

“कार्ड.”

“याच्यावर नंबर असतो.”

“होता.”

“गेला कुठे?”

आता तोंडात नवे दात, समोर शिकलेला माणूस. मावशीला नीट बोलता येईना. “तुमच्यापाशी येण्याआधीच मी सगळं करून आणलंय,” एवढंच ती म्हणाली, नि तेही अभिमानानं.

डॉक्टर हळहळले. “ही कवळी दुसऱ्या कुणाच्या तोंडात बसायची नाही, मावशी. ठेवून मी तरी काय करू? पण कार्डाशिवाय दिली तर माझं नाव यादीतून जाईल. मदतीच्या नंबरावर फोन करा. महिना संपायच्या आत काय ते करा बरं का.”

मावशीनं कवळी काढली आणि स्वतःच्या हातानं पेल्यात ठेवली. तिच्या बाजूनं कुणी गयावया करायला नव्हतं, आणि दातांच्या कण्या करायला तिच्याकडे दात नव्हते.

आमच्या प्रतिनिधीशी बोलण्यासाठी नऊ दाबा

— नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?

— दात अडकलेत.

— कुठे अडकलेत?

— कपाटात.

— …आपण कार्डासंबंधी बोलताय ना?

— हो, हो. कार्ड चालत नाही म्हणतात.

— कार्ड घासलं होतं का?

— घासलं की! तुमच्या बाईंनी सांगितलं तसं. नीट.

— किती वेळा घासलं?

— दोनदा.

— दोन्ही वेळा निघालं?

— पहिल्यांदा थोडंसंच निघालं. दुसऱ्यांदा सगळं निघालं.

— सगळं? म्हणजे आता काहीच शिल्लक नाही?

— कण नाही. लख्ख.

— कुठे घासलंत?

— मोरीत.

— मो… री. तिथे नेहमी जाता?

— आता रोज जायलाच लागतं की, बाळ.

— कुणाची आहे ही मोरी?

— कुणाची म्हणजे? आमचीच. जाऊबाईंची नि माझी.

— भागीदारीत आहे?

— भागीदारीतच म्हणायचं. सकाळी आधी त्या, मग मी.

— बरं. आणि तिथे काय घेतलंत?

— काय घेणार? आधी सोडा घेतला. मग वाळू घेतली.

— दात नाही घेतले?

— दात असते तर तुला कशाला फोन केला असता?

— आपली तक्रार नोंदवली आहे.

— मग दात कधी?

— चौकशीनंतर.

(तिकडच्या पोरीचा तरी काय दोष? तिच्या यादीत ‘बशी’ नावाचं चष्म्याचं दुकान होतं आणि ‘खुशी’ नावाचं औषधाचं. ‘मोरी’त न पटण्यासारखं काय होतं?)

गुणवत्तेसाठी हा संवाद नोंदवला जात आहे

लाभार्थी महिलेने ‘मोरी’ या यादीबाहेरील दुकानात दोन वेळा कार्ड घासून संपूर्ण रक्कम काढल्याचे कबूल केले. सदर दुकान लाभार्थी व तिची जाऊ यांच्या भागीदारीत असून दिवसपाळी ठरलेली आहे. खरेदी : सोडा, वाळू. बांधकाम सुरू असण्याची शक्यता. दात घेतलेले नाहीत. चौकशी होईपर्यंत लाभ थांबवावा.

कृपया लाइनवर राहा

तपासनीस आले तेव्हा महिना अगदी काठावर आला होता. मावशीनं बोलणं कमी केलं होतं आणि हसणं बंद. हाताआडचंसुद्धा. जाऊबाईंनी तिच्यासमोर दाणे खाणं सोडलं होतं, म्हणजे प्रकरण किती गंभीर ते समजा.

तपासनीस म्हणजे गळ्यात ओळखपत्र आणि हातात पाटीएवढा टॅब घेतलेला एक घामाघूम गृहस्थ. दार जाऊबाईंनी उघडलं.

“मोरी इथेच आहे ना?”

जाऊबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. उन्हातून आलेला माणूस, अडचण असेल. “आत, डावीकडे. चपला काढून जा. पाणी बादलीत आहे.”

“तसं नाही. मला मोरीला जायचं नाही.”

“मग?”

“मोरी तपासायची आहे.”

“तपासा बाई,” जाऊबाई म्हणाल्या, आणि आत बघून ओरडल्या, “अगं ए, आपली मोरी तपासायला सरकार आलंय!”

मावशी हात पुसत बाहेर आली. साहेबांनी टॅब उघडला.

“दुकान कधीपासून चालवता?”

“कसलं दुकान?”

“मोरी.”

“मोरी चालवतात का कुणी? वाहते ती.”

“म्हणजे चांगली चालते.”

“गेल्या आठवड्यात तुंबली होती.”

“मंदी,” साहेबांनी लिहून घेतलं. “माल कुठे ठेवता? वाळू?”

मावशी आत गेली आणि ठेवणीतल्या वाळूची वाटी घेऊन आली. साहेबांनी वाटीकडे पाहिलं. वाटी चहाची होती.

“एवढीच?”

“एवढी वर्षभर पुरते.”

साहेबांनी रुमालानं मान पुसली. “हे बघा, मलाही काही उलगडत नाही. तुम्ही म्हणता सगळे पैसे काढले. आमच्याकडे बघावं तर पैसे जागच्या जागी. असली सफाई मी नोकरीत पाहिली नाही. मला एकदा दाखवाच, तुम्ही कार्ड घासलं ते कुठे नि कसं.”

म्हणून दोघींनी त्यांना मोरीत नेलं. चपला काढून. मावशी पाटावर बसली. डाव्या हातात पांढरंफेक कार्ड, उजव्या हातात तारेची घासणी. आणि तिनं साहेबांना दाखवलं, कसं. दबकत नाही.

साहेब बघत राहिले. मग भिंतीला टेकले. मग दुसऱ्या, उलट्या बादलीवर बसले. त्यांच्या तोंडून ‘घा’ बाहेर पडला, पण ‘स’ काही केल्या बाहेर येईना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढलं, टॅबच्या कडेवरून सर्रकन ओढून दाखवलं आणि कसंबसं म्हणाले, “असं हो, मावशी! आमच्यात याला घासणं म्हणतात!”

मावशीनं त्यांच्या कार्डाकडे पाहिलं. काळा पट्टा जशाच्या तसा. मग आपल्या कार्डाकडे. मग घासणीकडे. कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या.

“याला घासणं म्हणतात?” ती म्हणाली. “हे असं पुसटसं फिरवायला? आमच्या कॅन्टीनमध्ये असं घासलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवली असती.”

कार्ड हरवले किंवा चोरीला गेले असेल तर चार दाबा

“नवं कार्ड मिळेल,” डोळे कोरडे करत साहेब म्हणाले. “उद्या मी स्वतः आणून देतो. इथे टॅबवर तीन रकाने आहेत. हरवलं, चोरीला गेलं, बिघडलं.”

“बिघडलं घाला,” मावशी म्हणाली.

“बिघडलं घातलं की तो कार्डावरचा नंबर मागतो. तुम्ही हरवलं म्हणा. त्याला नंबर लागत नाही. म्हणा एकदा, मी दाबतो.”

मावशीनं कार्ड पदरानं पुसलं.

“म्हणा ना. कार्ड हरवलं.”

“हे काय हातात आहे.”

“अहो, ते आता कार्ड राहिलंय का? नाव नाही, नंबर नाही, पट्टा नाही. म्हणजे कार्ड नाही. म्हणजेच हरवलं.”

“हातात आहे ते हरवलं कसं म्हणू?”

ते तिला खरंच म्हणता येत नव्हतं. कॅन्टीनमध्ये ‘हरवलं’ हा शब्द रोजचा होता. पळ्या हरवत, डाव हरवत, एकदा अख्खं पातेलं हरवलं आणि मुकादमाच्या घरी सापडलं. मावशीच्या हातून कधी चमचा हरवला नाही, आणि ज्याला-त्याला सोयीचा असलेला तो शब्द तिच्या तोंडीही कधी आला नाही. आता दात नसलेल्या तोंडीसुद्धा तो येईना. ओठ हलले, पण तो आत कुठेतरी हिरडीला चिकटून बसला.

“मग फेकून देते,” ती म्हणाली, आणि खिडकीतून कार्ड खाली टाकलं.

तिघं थांबले.

“आता हरवलं?” साहेब म्हणाले.

“मावशीऽऽ!” खालून इस्त्रीवाला. “तुमचं पांढरं काहीतरी पडलं होऽऽ!” आणि तो जिना चढून ते देऊनही गेला. चांगल्या वस्तीत राहण्याचे तोटे.

साहेबांनी घड्याळात पाहिलं. “मावशी, आज संध्याकाळी वर्ष बंद होतं. नोंद आज झाली तरच पैसे धरून ठेवता येतील. नाहीतर दात गेले.”

मावशीनं कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि खाली बघत बसली. तिला आरशातली ती बाई दिसत होती. नुसती भेटून गेलेली.

आणि तेवढ्यात जाऊबाईंनी तिच्या हातातून कार्ड हिसकावलं.

“हे घ्या. चोरलं.”

“जाऊबाई!”

“ओरड. आता हक्कानं ओरड. दिवसाढवळ्या, सरकारच्या नाकासमोर चोरलं. लिहा हो साहेब, चोरीला गेलं.”

“द्या ते इकडे,” मावशी म्हणाली.

“चोर परत देतो का कधी?” जाऊबाईंनी कार्ड पोलक्यात खोचलं.

साहेबांचं बोट टॅबवर थबकलं. “पुढे विचारतोय, चोर ओळखीचा की अनोळखी. अनोळखी घालतो.”

“अनोळखी काय म्हणून?” जाऊबाई उसळल्या. “इतकी वर्षं हिच्याबरोबर काढली. ओळखीचा घाला. पत्ता हाच घाला.”

“अहो, पण का असं—” मावशीचा आवाज चिरकला. “लोक काय म्हणतील?”

“लोक गेले खड्ड्यात. वर्षभर मी या घरात बडबडतेय, आणि तू आपली तोंडावर हात. हसतेस की रडतेस, मला दिसत नाही. खिडकीत बसायचे तेव्हा समोर रांग असायची माझ्या. आता तू एकटी रांग, आणि तीही झाकलेली.” त्यांनी साहेबांकडे मोर्चा वळवला. “आणि तुम्ही काय बघताय? दाबा चार!”

साहेबांनी मावशीकडे पाहिलं. “मावशी, तुम्ही सांगायला हवं. कार्डाचं काय झालं?”

मावशीनं रिकाम्या हातांकडे नीट पाहून घेतलं. खात्री केली. मग मान वर केली.

“चोरीला गेलं,” ती म्हणाली, आणि हे इतकं खरं होतं की तिला बोलताना कुठे अडखळायलाही झालं नाही.

आमची सेवा कशी वाटली?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आणा नवं कार्ड, घासू.”

मावशीनं हात झटक्यात मागे घेतला. “ओढा म्हणा.”

“बरं, ओढू.”

यंत्र या वेळी चिं म्हणालं नाही. आतून कागदाची पट्टी बाहेर आली, आणि कपाटातून पेला.

घरी जाऊबाई मोरीत बसल्या होत्या. दुधाचं पातेलं करपलं होतं. मावशी दातांसाठी गेली नि यांचं लक्ष दाराकडे, मग दूध काय करणार? तळाला काळा थर धरलेला. मावशी दाराशी येऊन उभी राहिली, तोंड घट्ट मिटून. आत दात होते. ते पहिल्यांदा कशावर दाखवायचे, हे तिचं ठरत नव्हतं.

जाऊबाईंनी मागे न बघता पोलक्यातून ते चोरलेलं कार्ड काढलं. कड पातेल्याच्या तळाशी लावली आणि जोर दिला. करपलेला थर पापुद्र्यासारखा उलगडत वर आला. त्यांनी आणखी एकदा खरवडलं. आणखी उलगडला. मग त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं.

“अगं,” त्या म्हणाल्या, “कोण म्हणतं हे कार्ड चालत नाही?”

मावशी हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग भिंतीला धरून, दोन्ही हात भिंतीवर असल्यामुळे तोंडाशी न्यायला एकही हात न उरता. वरची रांग दिसली, खालची दिसली, मागच्या दाढा दिसल्या.

जाऊबाई पातेलं तसंच ठेवून, पुढे वाकून, खिडकीतून रांग बघावी तशी बघत राहिल्या.

“पुरे, पुरे,” त्या म्हणाल्या. “इतके दात काढू नकोस. सरकारी आहेत.”